वाळवी दर वेळी परत का येते, आणि ती थांबवायची कशी

दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसते. आपण ती झाडूने पाडतो, वरून फवारा मारतो, ओल्या फडक्याने जागा पुसून घेतो. पुढचे दोन-तीन महिने काही दिसत नाही, म्हणून विषय संपला असं वाटतं. मग तशीच रेघ चौकटीच्या दुसऱ्या अंगाला निघते, नाहीतर पलीकडच्या खोलीतलं कपाट पुढे ओढल्यावर त्याची पाठ पोखरलेली सापडते. पुन्हा फवारा, पुन्हा काही महिने शांतता. ज्यांच्या घरात हे चक्र चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पहिल्यांदाच वाळवी दिसली असेल तर फारच चांगलं, सगळं वाचा आणि मगच औषधाला हात घाला.

चक्र थांबत नाही याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं. वाळवी जिथे दिसते तिथे ती राहत नाही. चौकटीत सापडतात ते खाणं न्यायला आलेले कामकरी किडे. राणी, अंडी, पिल्लं आणि बाकीची वसाहत जमिनीत असते, कधी घराच्या पायाखाली, कधी कुंपणाजवळच्या जुन्या बुंध्याखाली. काही जातींचे कामकरी खाण्याच्या शोधात १०० मीटरपर्यंत बोगदे नेतात. फवाऱ्याने त्यातले शे-दोनशे मेले तरी लाखांच्या घरातल्या वसाहतीला फरक पडत नाही. ती ती वाट सोडून देते आणि दुसरीकडून येते. आपल्या हाती मात्र ती कुठून येत होती हे सांगणारा पुरावा उरलेला नसतो, कारण तो आपणच पुसलेला असतो.

‘राणी शोधून मारा’ हा सल्लाही खूप जण देतात. वारूळ करणाऱ्या मोठ्या जातींमध्ये राणी सापडू शकते. पण घरांना सर्वात जास्त त्रास देणाऱ्या जमिनीखालच्या वाळवीच्या बऱ्याच जातींत राणी गेली तर वसाहतीतल्याच काही माद्या तिची जागा घेतात आणि अंडी घालायला लागतात. त्यामुळे अंगण खणत बसण्यात वेळ घालवू नका.

रेघ पुसण्याआधी तिच्याकडून माहिती काढून घ्या

मातीची ती रेघ म्हणजे बंदिस्त रस्ता असतो. माती, लाळ आणि विष्ठा मिसळून तो बांधलेला असतो, रुंदीला साधारण पेन्सिलीएवढा. वाळवीची कातडी पातळ असते, उघड्या कोरड्या हवेत ती लवकर सुकून मरते, आणि मुंग्या तिच्यावर टपलेल्याच असतात. म्हणून जमीन ते लाकूड हा सगळा प्रवास ती झाकलेल्या वाटेने करते. ही वाट तुमच्यासाठी नकाशा आहे.

आधी फोटो काढा. रेघ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे दोन्ही त्यात यायला हवं. मग रेघेच्या मधला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचकटून काढा. वरची आणि खालची बाजू तशीच राहू द्या. शेजारी भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहा आणि थोडा वेळ तिथेच थांबून बघा. वाट चालू असेल तर तुटलेल्या तोंडाशी आधी पिवळट किंवा तपकिरी, मोठ्या डोक्याचे सैनिक येतात, जबडे बाहेर काढून तिथेच उभे राहतात. त्यांच्या मागून पांढुरके, आंधळे कामकरी येतात. प्रत्येकाच्या तोंडात ओल्या मातीचा एक कण असतो. तो कडेला चिकटवायचा, मागे फिरायचं, पुढच्याला जागा द्यायची, असं न थांबता चालतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा पाहिलं तर मधला तुकडा नव्या, गडद रंगाच्या ओलसर मातीने भरलेला असतो.

तो भरलेला दिसला तर वाळवी आज, आत्ता तुमच्या घरात ये-जा करते आहे. नाही भरला तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नका. तिने ती एक वाट सोडली असेल एवढंच त्यातून कळतं. दोन-तीन ठिकाणी असे तुकडे काढून पाहा. सगळ्या रेघा कोरड्या, हात लावताच भुगा होणाऱ्या आणि रिकाम्या निघाल्या, तरच त्या जुन्या आहेत असं धरायला हरकत नाही.

ही जमिनीतलीच वाळवी आहे ना?

परत परत येणाऱ्या त्रासामागे चुकीची ओळख हे कारण मी वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. फरशीला भोकं पाडून सगळ्या घराखाली औषध सोडलेलं असतं, आणि वाळवी मात्र जमिनीशी काहीही संबंध नसलेल्या एका जुन्या टेबलात आरामात राहत असते.

जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती आहेत, त्यातल्या घरात त्रास देणाऱ्या थोड्याच. आपल्या कामापुरते दोन गट पुरतात. एक जमिनीखालची वाळवी. तिला ओल लागते, तिच्या मातीच्या रेघा दिसतात, आणि ती लाकूड आतून लांबीच्या दिशेने, मऊ थर खात आणि टणक थर शिल्लक ठेवत पोखरते. पोखरलेल्या जागेत माती भरलेली सापडते. दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. तिला जमीन लागत नाही, रेघही ती काढत नाही. अख्खी वसाहत एका खुर्चीत, एका तुळईत मावते. तिची खूण म्हणजे लाकडाखाली साचणारे खसखशीएवढे कडक दाणे. ही तिची विष्ठा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं की प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतात. आतले बोगदे स्वच्छ असतात, मातीचा लवलेश नसतो.

लाकडाखाली दाण्यांऐवजी बोटांना खरखरीतही न लागणारी बारीक पूड पडत असेल, आणि पृष्ठभागावर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं असतील, तर ती वाळवीच नाही. तो लाकडातला भुंगा. त्याचा उपचार लाकडापुरता असतो, जमिनीत औषध ओतून काहीच साधत नाही.

पंखवाले किडे घरात निघाले तर त्यातले चार-पाच एका छोट्या बाटलीत सॅनिटायझर घालून ठेवून द्या, ओळखायला उपयोगी पडतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मिशा सरळ असतात, कंबर जाडसर असते. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, मिशा मध्येच दुमडलेल्या आणि कंबर बारीक. हे पंखवाले स्वतः लाकूड खात नाहीत आणि त्यातले बहुतेक काही तासांत मरतात, त्यामुळे त्यांच्यावर फवारे मारून घर विषारी करण्याची गरज नाही. झाडून टाका. पण ते कुठून बाहेर पडले ती फट नक्की शोधा. वसाहतीला पंखवाले यायला काही वर्षं जावी लागतात. दिव्याकडे खिडकीतून आत आलेले असतील तर ते बाहेरचे. बंद खोलीत भिंतीच्या सांध्यातून निघाले असतील, तर जुनी, चांगली वाढलेली वसाहत तुमच्या घराखाली किंवा घरातच आहे.

उलट्या दिशेने चालत जा

आता मुख्य काम. सगळ्या उपचारात याच कामाला सर्वात कमी वेळ दिला जातो, आणि परत येणारी वाळवी बहुतेक वेळा इथेच सुटलेली असते.

जिथे नुकसान दिसतं तिथून वाळवीच्या मागच्या दिशेने जायचं. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. समोरून न दिसणारे उंचवटे, रंगाखाली फुगलेल्या रेषा आणि स्कर्टिंगच्या वरची बारीक माती त्यात लगेच दिसते. चौकट खालपासून वरपर्यंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव आवाज जिथे पोकळ होतो तिथे खूण करा. अंगठ्याने दाबल्यावर रंगाचा पापुद्रा आत जात असेल तर त्यामागे लाकूड उरलेलं नाही. कपाटांचे खालचे खण रिकामे करा, पाठीची प्लाय दाबून पाहा. पुस्तकांचं कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर पुस्तकांच्या मागच्या बाजू बघा. वाळवी भिंतीकडून पुस्तकात शिरते आणि समोरून कणा शाबूत दिसत राहतो.

मग प्रश्न एकच: जमिनीतून इथवर ती कशी आली? तिला एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद फट पुरते. काँक्रीट ती खात नाही, पण त्याला गेलेल्या तड्यातून ती सहज वर येते. माझ्या अनुभवात ती सर्वात जास्त वेळा पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप फरशीतून वर येतात त्या जागी सापडते. पाइपाभोवतीची पोकळी कोणीच नीट बुजवत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या कोरड्या बाजूची चौकट सर्वात आधी तपासा. त्यानंतर विजेच्या वायरी ज्या नळ्यांतून जातात त्या नळ्या, दोन टप्प्यांत बांधलेल्या भागांमधला सांधा, जिन्याखालची अडगळ आणि बाहेर भिंतीला लागून असलेला फुलझाडांचा वाफा. बांधकामाच्या वेळी फरशीखाली राहिलेले फळ्यांचे तुकडे, मातीत पुरलेल्या खुंट्या, बाहेर भिंतीशी रचून ठेवलेलं सरपण, पुठ्ठ्याचे खोके, हे सगळं तिचं आयतं खाणं आणि घरात शिरायची पायरी.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वाटतं, आपला जमिनीशी संबंधच नाही. वाळवी पाइपांच्या डक्टमधून आणि वायरींच्या नळ्यांमधून मजले चढते. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे भिंतीत सतत ओल असेल तर काही जाती जमिनीत परत न जाताही भिंतीच्या पोकळीत, लाकूड चावून केलेल्या लगद्याचं घरटं करून राहतात. अशा वेळी तळमजल्यावर कितीही औषध ओतलं तरी वरची वसाहत जिवंतच राहते.

आधी पाणी बंद करा

जमिनीखालच्या वाळवीला लाकूड कुठेही मिळतं, ओल मात्र सगळीकडे मिळत नाही. म्हणून ती घरात ज्या ठिकाणी टिकून राहते तिथे बहुतेक वेळा पाणी मुरत असतं. फरशीच्या सांध्यातलं सिमेंट झिजलेलं बाथरूम, सिंकखालचा थेंब-थेंब गळणारा सांधा, एसीचा पाइप नेमका भिंतीच्या पायाशी सोडलेला, छताचं पाणी जोत्याजवळ पडणारं, बागेच्या पाइपाचं पाणी रोज भिंतीला लागणारं. औषधाआधी हे दुरुस्त करा, कारण ओल तशीच राहिली तर जमिनीत दिलेलं औषधही लवकर वाहून किंवा विरून जातं, आणि एक वसाहत संपली तरी दुसरीला तीच जागा तयार मिळते.

बाहेरून जोत्याचा किमान १५ सेंमीचा पट्टा उघडा दिसायला हवा. माती, पालापाचोळा किंवा वाफा वर चढून प्लास्टरला भिडला असेल तर तो खाली उतरवा. त्या उघड्या पट्ट्यावर मातीची रेघ चढली तर महिन्याभरात तुमच्या नजरेला पडते. मातीआड गेलेल्या जोत्यावरून ती वर्षभर चढत राहिली तरी कळत नाही.

कोणतं औषध, कुठे आणि का

जमिनीत द्यायची औषधं दोन स्वभावांची असतात आणि हा फरक समजला की निम्मे गोंधळ सुटतात. बायफेन्थ्रिन, परमेथ्रिन यांसारखी औषधं वाळवीला जाणवतात. ती त्या जागेपासून लांब राहते. घराभोवती अशा औषधाचं कडं सलग झालं तर ते अडवतं. पण पायरीखाली, पाइपाशेजारी, गॅरेजच्या काँक्रीटखाली हातभर जागा सुटली तर वाळवी चाचपडत तिथे पोहोचते आणि आत येते. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, क्लोरअँट्रानिलिप्रोल ही औषधं तिला कळत नाहीत. ती त्या मातीतून बोगदा काढते, अंगाला औषध घेऊन परत जाते. वाळवी एकमेकींना चाटते, तोंडातलं अन्न एकमेकींना देते, त्यामुळे ते इतरांपर्यंतही थोडंफार पोहोचतं. राहत्या घरात, जिथे सलग कडं करणं जवळजवळ अशक्य असतं, तिथे मी दुसऱ्या प्रकारालाच पसंती देईन.

बाहेरच्या बाजूने भिंतीलगत साधारण १५ सेंमी रुंद आणि तितकाच खोल चर खणतात. त्यात द्रावण ओततात, आणि उकरलेली मातीही द्रावणात भिजवून परत भरतात. अशा औषधांच्या लेबलवर बहुधा एक मीटर लांबी आणि ३० सेंमी खोली यांसाठी ५ लिटरच्या आसपास द्रावण सांगितलेलं असतं. आकडा मुद्दाम दिला, कारण दहा मीटर भिंतीला एक बादली ओतून काम उरकणारे लोक आहेत. औषध कितीही भारी असलं तरी इतक्या कमी पाण्यात ते मातीत खोलवर जातच नाही. तळमजल्यावर आतल्या बाजूने फरशी आणि भिंत मिळते त्या कडेने साधारण ३० सेंमी अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून औषध खाली सोडतात आणि भोकं बुजवतात. बाथरूमची बाजू आणि चौकटींचे दोन्ही पाय यात सुटता कामा नयेत. फरशी खराब होईल म्हणून नेमक्या याच जागा सोडल्या जातात, आणि वाळवी नेमकी तिथूनच परत येते. भोकं पाडण्याआधी पाण्याचे आणि विजेचे पाइप कुठून गेलेत ते माहीत करून घ्या.

वरच्या मजल्यावर स्लॅबला भोकं पाडून औषध ओतू देऊ नका. खाली माती नाही, स्लॅबला मात्र इजा होते. तिथे डक्ट, भिंतीची पोकळी आणि लाकूड यांच्यातच उपचार करायचा असतो, फेसाच्या रूपातलं औषध पोकळीत सोडून किंवा चालू रेघेवर बसवायच्या आमिषाच्या डब्या लावून.

आमिष हा वेगळा मार्ग आहे आणि परत परत येणाऱ्या वाळवीसाठी तो अनेकदा जास्त खात्रीचा ठरतो. हेक्साफ्लुमुरॉन वापरलेलं पहिलं व्यावसायिक आमिष १९९५ मध्ये आलं. नंतर नोव्हिफ्लुमुरॉन, डायफ्लुबेन्झुरॉन आले. ही औषधं किड्याला कात टाकताना नवी कातडी बनवू देत नाहीत. कामकरी आमिष खातो, घरी नेतो, सगळ्यांना भरवतो, लगेच मरत नाही. कात टाकायची वेळ येईल तसतसे एकेक करून कामकरी संपतात. त्यांच्यावाचून राणी, सैनिक आणि पिल्लांना भरवायला कोणी उरत नाही. याला काही महिने लागतात आणि घरातल्या माणसाचा धीर सुटतो तो इथेच. आमिषावर वाळवी जमलेली दिसली की हातात फवारा घेतला जातो. कृपा करून हे करू नका. ती जमली म्हणजे काम सुरू झालं आहे. डबी सारखी उघडून बघितली तरी ती जागा सोडून जाते.

उघड्या, रंग न दिलेल्या लाकडाला बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं) द्रावण लावणं हा चांगला आधार आहे. ते लाकडात मुरतं आणि ते लाकूड खाणाऱ्या वाळवीला मारतं. रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडावर मात्र ते आत जातच नाही, आणि पावसात राहणाऱ्या लाकडातून धुऊन जातं.

घरगुती उपायांबद्दल सरळ सांगतो. रॉकेल, पेट्रोल, फिनाईल, व्हिनेगर, मिठाचं पाणी यांनी अंगावर पडलेली वाळवी मरते, वसाहतीला धक्का लागत नाही. रॉकेल-पेट्रोलने चौकटी भिजवणं म्हणजे घराला आग लागायची सोय करणं आहे. मिठाने प्लास्टर फुगतं आणि आतलं लोखंड गंजतं. वापरलेलं इंजिन ऑइल जमिनीत ओतलं तर माती आणि पाणी दोन्ही नासतं. मुंग्यांसाठीची जेलही इथे चालत नाही. वाळवीचं खाणं वेगळं आहे आणि ती मुंग्यांच्या जवळची नसून झुरळांच्या कुळातली आहे.

‘पूर्वीची औषधं वर्षानुवर्षं टिकायची’ असंही ऐकू येतं. ते खरं आहे. क्लोरडेन, आल्ड्रिन, डिल्ड्रिन, हेप्टाक्लोर ही मातीतून जातच नसत, आणि माणसांच्या, प्राण्यांच्या शरीरातही साठत. २००१ च्या स्टॉकहोम करारात ती नको असलेल्या रसायनांच्या पहिल्या यादीत गेली ती याच कारणाने. कोणाकडे जुना साठा असेल तर तो वापरू नका. क्लोरपायरिफॉसचाही घरगुती वापर अनेक देशांनी बंद केला आहे. आजची औषधंही निरुपद्रवी नाहीत. फिप्रोनिल आणि बायफेन्थ्रिन माशांसाठी अतिशय घातक आहेत, त्यामुळे माशांची टाकी खोलीतून हलवा आणि तळं, विहीर किंवा पाण्याची जमिनीतली टाकी जवळ असेल तर काम करणाऱ्याला आधीच सांगा. विजेच्या बोर्डात माती दिसली तर त्यात कोणतंही द्रव फवारू नका, वीज बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या.

कोरड्या लाकडातली वाळवी असेल तर

हा भाग लहान आहे. वस्तू वेगळी काढता येत असेल तर तिचाच उपचार करायचा. छोटी लाकडी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उणे २० अंश सेल्सियसला दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली तर आतले किडे मरतात. मोठ्या फर्निचरसाठी उष्णतेचा उपचार करतात. लाकडाचा गाभा सुमारे ५० अंशांपर्यंत तापून अर्धा-पाऊण तास तिथे टिकावा लागतो, नुसता पृष्ठभाग तापून भागत नाही. एखाद-दुसऱ्या बोगद्यात सुईने औषध सोडणंही चालतं, पण सगळे बोगदे सापडले असतील तरच. संपूर्ण घरात पसरली असेल तर वायूचा उपचार हा प्रशिक्षित लोकांचाच विषय आहे. वायूने आत्ताची वाळवी मरते, पुढच्या वर्षीच्या पंखवाल्यांना तो अडवत नाही. भोकं आणि चिरा भरून रंग-पॉलिश करणं म्हणूनच लागतं. उपचारानंतर जुने दाणे पूर्ण झाडून काढा. हे न केल्यामुळे पुढे पडणारे दाणे जुने की नवे हेच कळत नाही आणि नसलेल्या वाळवीवर पुन्हा खर्च होतो.

काम दुसऱ्याकडून करून घेताना

औषधाचं नुसतं बाजारातलं नाव ऐकून मान डोलावू नका. त्यातला घटक कोणता, किती टक्के द्रावण करणार, एकूण किती लिटर लागणार आणि कुठे-कुठे देणार हे लिहून घ्या. घराचा साधा आराखडा काढून त्यावर भोकांच्या आणि चराच्या खुणा करायला सांगा. हा कागद पुढे सोन्याच्या मोलाचा असतो, कारण वाळवी परत दिसली की ती औषध दिलेल्या जागेतून आली की सुटलेल्या, हे त्यावरूनच ठरवता येतं. हमी देत असतील तर त्यात पुन्हा औषध देणं येतं की खराब झालेलं लाकूडही, ते विचारा. पाहणी न करता फोनवरच भाव सांगणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

उपचार झाला, तरी दिसतेय

आता ज्यासाठी बहुतेक लोक इथवर आले असतील तो भाग. वाळवी पुन्हा दिसली की ‘औषध फसलं’ असा एकच निष्कर्ष काढू नका. केव्हा आणि कुठे दिसली त्यावर अर्थ बदलतो.

न जाणवणाऱ्या औषधानंतर काही आठवडे जिवंत वाळवी दिसू शकते. ती मंदावलेली, सैरभैर हिंडणारी असेल तर औषध लागलं आहे. तिच्यावर दुसरा फवारा मारू नका. फवाऱ्यात बहुधा वाळवीला जाणवणारं औषध असतं, आणि त्याने ती नेमकी औषध दिलेल्या मातीपासून लांब जाते.

तीन महिने झाले आणि जुन्याच जागी काढलेला तुकडा पुन्हा ओल्या मातीने भरला, तर त्या वाटेच्या मुळाशी औषध पोहोचलेलं नाही. जवळचा पाइप, बाथरूमची कड, पायरीखालची पोकळी पुन्हा तपासा. कागदावर तिथे खूण नसेल तर उत्तर मिळालंच.

सहा महिन्यांनी, वर्षाने घराच्या दुसऱ्याच टोकाला दिसली तर दोन शक्यता आहेत. एकतर कडं तिथे पहिल्यापासूनच अपुरं होतं, किंवा मधल्या काळात कोणीतरी ते तोडलं आहे. नवीन नळजोड, केबलसाठी पाडलेलं भोक, वाफ्यासाठी खणलेली माती, बदललेली फरशी, यांपैकी काहीही कडं तोडायला पुरतं. खोदकाम झालं की तेवढ्या भागात औषध पुन्हा द्यावं लागतं.

जमिनीत सगळीकडे नीट औषध दिलं, बाहेर एकही रेघ नाही, आणि तरीही एकाच भिंतीत, एकाच उंचीवर ती चालू राहिली, तर भिंतीतल्या घरट्याचा संशय घ्या. त्या भिंतीत ओल कुठून येते ते शोधा. ओल थांबली आणि पोकळीत औषध गेलं की अशी जमिनीपासून तुटलेली वसाहत टिकत नाही.

शेजारच्या घराशी भिंत सामायिक असेल तर त्यांच्या बाजूची चौकट बघायला मागा. एका बाजूचा उपचार वाळवीला दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि काही महिन्यांनी ती परत येते. दोन घरांनी एकाच वेळी काम करणं दोघांनाही स्वस्त पडतं.

खराब झालेली चौकट बदलायची घाई नको. आतली वाळवी चालू असताना नवी चौकट बसवली तर तिला ताजं लाकूड मिळतं. काढलेल्या तुकड्याच्या जागी दोन-तीन महिने नवी माती आली नाही, ठोकल्यावरचा पोकळ आवाज पुढे सरकला नाही, मगच सुतार बोलवा. सागासारख्या लाकडातही फक्त आतला गडद गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचा फिकट भाग ती खाते, म्हणून लाकूड निवडताना फिकट पट्टे असलेले तुकडे बाजूला काढायला सांगा. चौकट बसवण्याआधी तिच्या भिंतीकडच्या बाजूंना आणि फरशीत जाणाऱ्या पायांना बोरेट पाजा, पाय शक्य असेल तर फरशीच्या वरच ठेवा, आणि चौकट व भिंत यांतली पोकळी गच्च भरून घ्या. पहिले तीन महिने दर महिन्याला आणि नंतर प्रत्येक पावसाळ्याच्या आधी व नंतर टॉर्च घेऊन जोत्याभोवती एक फेरी मारा, आणि रेघ दिसली तर आधी फोटो काढा.